शंभर वर्षं टिकणारा कोळसा आणि यंदाचं पीक

पीक निघाल्यावर रानात जे उरतं त्याला आग लावण्याची रीत जगभर आहे, आणि तिला नावं ठेवणं फार सोपं आहे. पुढची पेरणी तोंडावर आलेली असते, धसकटं अवजारात अडकतात, त्यांत किडीचे कोष दडलेले असतात आणि मजूर लावून ती वेचायची तर हातात पैसा नसतो. एक काडी ओढली की तासाभरात रान मोकळं होतं. त्या उघड्या आगीत मागे उरते पांढुरकी राख. थोडी वाऱ्याने उडते, बरीचशी पावसात वाहून जाते. पिकाने हंगामभर हवेतून ओढून पानाखोडांत साठवलेला कार्बन जवळजवळ सगळाच पुन्हा हवेत गेलेला असतो.

तोच काडीकचरा हवा तोडून जाळला तर राखेऐवजी कोळसा उरतो. साडेतीनशे ते सातशे अंशांच्या तापमानात काडीतले वायू निघून जळतात आणि कार्बनचा सांगाडा शिल्लक राहतो. वजनाने तो वाळलेल्या काडीकचऱ्याच्या साधारण पाव भाग भरतो, पण मूळच्या कार्बनपैकी निम्म्याच्या आसपास कार्बन त्याने धरून ठेवलेला असतो. या कार्बनचे अणू एकमेकांना कड्यांच्या जाळीत इतके घट्ट बांधलेले असतात की मातीतल्या जिवाणूंना ते सहजी पचत नाहीत. उष्ण प्रदेशात घातलेलं शेणखत काही हंगामांत विरून जातं. या कोळशाचा थोडा भाग पहिल्या काही वर्षांत कुजतो, आणि मोठा भाग शेकडो वर्षं मातीत तसाच राहतो. शेतीसाठी मुद्दाम केलेल्या या कोळशालाच बायोचार म्हणतात.

हवामानबदलाच्या चर्चेत बायोचारचं नाव हल्ली वारंवार येतं. हवेतला कार्बन काढून घेण्याच्या मार्गांत २०१८ साली आंतरशासकीय हवामान समितीनेही, म्हणजे आयपीसीसीनेही, त्याचा विचार केला. ते महत्त्वाचं आहेच. पण मला या कोळशाबद्दल आस्था वाटते ती घरखर्चामुळे. जगात साठ कोटींच्या आसपास शेतं आहेत आणि त्यांतल्या दर सहांपैकी पाच शेतांचा आकार दोन हेक्टरांहून कमी आहे. या सगळ्या लहान शेतांकडे मिळून जगातली जेमतेम १२ टक्के शेतजमीन आहे, आणि जगाच्या अन्नातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा तिथून येतो. एवढ्याशा जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबाला हा कोळसा परवडतो का, आणि परवडला तर त्यांच्या हातात काय पडतं, हा माझा प्रश्न आहे. कोळसा शंभर वर्षं टिकेल हे कुणी सांगितलं तर त्या घरातून लगेच विचारणा होते: यंदा काय मिळेल? हा प्रश्न अत्यंत शहाणपणाचा आहे, आणि बायोचारच्या पुष्कळ योजना तो नीट ऐकून न घेताच आखल्या गेल्या आहेत.

आधी करण्याची पद्धत सांगते, कारण लहान शेतकऱ्याला ती झेपणारी आहे आणि म्हणूनच पुढचं सगळं बोलण्यात अर्थ आहे. कोळसा पाडण्याची जुनी रीत म्हणजे लाकडं रचून, वरून मातीने लिंपून ती दिवसेंदिवस धुमसत ठेवायची. त्यात धूर भयंकर होतो आणि मिथेनही सुटतो. त्यापेक्षा वर रुंद आणि खाली निमुळता असा खड्डा बरा. तळाशी आग पेटवायची आणि ती चांगली धरली की वरून पातळ थर टाकत जायचं. वरच्या ज्वाळा हवेतला ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे खालच्या थराला तो मिळत नाही आणि तो राख न होता कोळसा होतो. खालून निघणारे वायू वरच्या ज्वाळेत जळून जातात, म्हणून धूरही कमी. वरच्या थरावर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा. धूर दिसू लागला तर समजायचं की थर जाड झाला किंवा काडी ओली आहे. २०१४ साली हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी स्वित्झर्लंडमध्ये याच तत्त्वावर कॉन-टिकी नावाची पोलादी भट्टी बनवली. पण पोलाद नसलं तरी अडत नाही, त्याच आकाराचा मातीतला खड्डाही तेच काम करतो. फावडं, कोरडा काडीकचरा आणि विझवायला पाणी, एवढंच भांडवल.

अशा खड्ड्याशेजारी मी उभी राहिले आहे. उष्णता चेहऱ्यावर येते, पाऊल मागे घ्यावं लागतं, आणि तरी जागा सोडता येत नाही, कारण पुढचा थर वेळेवर पडला नाही तर आधीच्याची राख होते. विझवून गार झालेला चांगला कोळसा हातात घेऊन एकमेकांवर आपटला तर काचेसारखा किणकिणतो. चुरडल्यावर हात काळे होतात आणि नुसत्या पाण्याने स्वच्छ होतात. हाताला तेलकट चिकटपणा राहिला तर त्यात डांबरी द्रव्यं उरली आहेत, तो पिकाला घालायचा नाही. प्रयोगशाळा जवळ नसलेल्या माणसाला एवढी परीक्षा पुष्कळ उपयोगी पडते.

हे ज्ञान नवं नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात टेरा प्रेटा नावाची काळी माती सापडते. तिथली आजूबाजूची जमीन पिवळसर-तांबडी, पावसाने धुतलेली, नापीक. आणि मधूनच हे काळे, सुपीक तुकडे, काही ठिकाणी दोन मीटर खोल. त्यांत कोळसा, हाडं, खापराचे तुकडे. १५४१-४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना त्या नदीतून गेला तेव्हा काठावर दाट वस्त्या असल्याचं त्याच्याबरोबरच्या धर्मगुरूने लिहून ठेवलं होतं, आणि पुढे कित्येक शतकं ते कुणी खरं मानलं नाही. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोमब्रुक यांनी १९६० च्या दशकात या मातीचा बारकाईने अभ्यास मांडला. माणसं मोठ्या संख्येने राहिली आणि त्यांच्या राहण्यातूनच ही माती घडली, हे त्यानंतर हळूहळू पटत गेलं. ही गोष्ट बायोचारवरच्या प्रत्येक लेखात येते, म्हणून मी तिच्यावर थांबत नाही.

त्याहून मला जवळची वाटते ती पश्चिम आफ्रिकेतली काळी माती, कारण ती अजून तयार होते आहे. लायबेरिया आणि घाना या देशांत संशोधकांना अशा मातीची दीडशेहून जास्त ठिकाणं आढळली आणि त्यावरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. घरांच्या आसपास, परसात, जुन्या वस्त्यांच्या जागी ही माती असते. चुलीतली राख, अर्धवट जळालेला कोळसा, ताडाचं तेल काढल्यावर उरलेला चोथा, हाडं, भाजीपाल्याची सालं, गुरांचं शेण, असं सगळं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी पडत गेलं आणि शेजारच्या जमिनीच्या दुपटी-तिपटीने जास्त सेंद्रिय कार्बन त्या मातीत जमा झाला. ती घडवण्यात बायकांचा हात मोठा आहे. स्वयंपाक त्यांचा, चूल त्यांची, तेल गाळणं त्यांचं आणि परसातला कचराही त्यांनीच टाकलेला. तिथली म्हातारी माणसं काळ्या मातीची खोली पाहून गावाचं वय सांगतात.

हे वाचल्यापासून माझा बायोचारकडे पाहण्याचा रोख बदलला. त्या बायकांना कुणी अनुदान दिलं नव्हतं, प्रशिक्षण दिलं नव्हतं, त्यांच्याकडून करार लिहून घेतला नव्हता. जमीन सुधारायची म्हणून त्यांनी एक दिवसही वेगळा काढला नसेल. रोजच्या कामातच ते होत गेलं. कोळसा मातीत घालण्याची जी पद्धत रोजच्या कामात बसते ती टिकते, आणि जिच्यासाठी वेगळे दिवस मोडावे लागतात तिला त्या दिवसांची मजुरी कुठून तरी द्यावी लागते. बायोचार लहान शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे की नाही, हे माझ्या मते मुख्यतः याच गोष्टीवर ठरतं. रसायन त्यानंतर येतं.

पण रसायन टाळून चालणार नाही, कारण कोळसा सगळ्या जमिनींना सारखा लागू पडत नाही आणि हे स्पष्ट न सांगणं म्हणजे शेतकऱ्याला फसवणं आहे. जगभरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलं, समशीतोष्ण प्रदेशात सरासरी वाढ झालीच नाही. कारण समजण्यासारखं आहे. उष्ण प्रदेशांतल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी, झिजलेल्या आणि खतं धरून न ठेवणाऱ्या असतात. कोळसा बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे जमिनीचं आम्ल कमी होतं आणि मुळांना विषारी ठरणारं ॲल्युमिनियम निष्प्रभ होतं. त्याच्या असंख्य बारीक छिद्रांत पाणी आणि पोषक द्रव्यं थांबतात. जिथे हे आधीच ठीक आहे तिथे कोळसा करणार काय? चुनखडीच्या किंवा चोपण जमिनीत तर तो जपूनच वापरायला हवा, कारण तिथे अल्कता आधीच जास्त असते. भारी, चिकण जमिनीत पाणी धरण्याचा फायदाही थोडाच. तो रेताड जमिनीत खरा दिसतो.

पश्चिम केनियात झालेला एक प्रयोग मला नेहमी आठवतो. जंगल तोडून नुकतीच लागवडीखाली आणलेली शेतं आणि ऐंशी-शंभर वर्षं सलग कसून थकलेली शेतं, अशी एक सबंध उतरंड संशोधकांनी निवडली होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्वांत थकलेल्या जमिनीत बायोचारने मक्याचं उत्पादन दुप्पट केलं, हेक्टरी तीन टनांच्या आसपास होतं ते सहाच्या घरात गेलं. झांबियात काओमाच्या रेताड, आम्लधर्मी जमिनीतही मक्याला असाच ठळक फायदा झाला. तिथे सगळं रान न नांगरता ठरावीक अंतरावर छोटी आळी करून त्यांतच बी, खत आणि मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांचा कोळसा घातला होता. म्हणजे ज्या कुटुंबाच्या वाट्याला सर्वांत हलकं रान आलेलं असतं, नेमका त्यालाच या कोळशाचा सर्वांत जास्त लाभ होऊ शकतो. गरीब शेतकऱ्याच्या बाजूने कललेली तंत्रं शेतीत फार थोडी सापडतात. बहुतेक वाणं, यंत्रं आणि खतं चांगल्या, पाण्याखालच्या जमिनीत आधी फळतात आणि हलक्या रानाची पाळी सर्वांत शेवटी येते. हे एक उलट आहे, आणि त्यामुळेच ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता हिशेब. प्रयोगांत हेक्टरी दहा-वीस टन बायोचार घातल्याचं सर्रास वाचायला मिळतं. एक टन कोळशाला साधारण चार टन वाळलेला काडीकचरा लागतो. दहा टनांना चाळीस टन. एका हेक्टरातल्या एका पिकातून हाताशी येतो तो काही टनच, आणि त्यातलाही सगळा मोकळा नसतो. दहा टन कोळसा घालायचा तर त्या घराला कित्येक वर्षं आपलं सगळं काड जाळत बसावं लागेल, नाही तर शेजाऱ्याचं आणावं लागेल, नाही तर झाडं तोडावी लागतील. झाडं तोडून केलेल्या कोळशाला माझा ठाम विरोध आहे. एक रान सुधारायला दुसरं उजाड करायचं असेल तर मुळात काम चुकलं. त्यामुळे दहा-वीस टनांच्या मात्रेवर मिळालेले आकडे लहान शेतकऱ्यापुढे ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

वाट निघाली ती मात्रा कमी करून. नेपाळमध्ये भोपळ्यावर एक प्रयोग झाला, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. हेक्टरी फक्त ७५० किलो कोळसा, पण गोमूत्रात भिजवलेला आणि सगळ्या शेतात न पसरता थेट मुळांच्या जागी घातलेला. नुसतं गोमूत्र घातलेल्या भोपळ्याच्या तुलनेत उत्पादन चौपट झालं, आणि नुसता कोळसा घातलेल्याच्या तुलनेत ८५ टक्क्यांनी जास्त. एका पिकाचा, एका जागचा हा प्रयोग आहे, चौपटीचं स्वप्न मी कुणाला दाखवणार नाही. पण त्याने दिशा दाखवली ती फार मोलाची आहे. ७५० किलोंना तीन टन काडीकचरा पुरतो. तेवढा घरचाच निघू शकतो.

गोमूत्र का, तर कोरा कोळसा म्हणजे रिकामं कोठार. मातीत गेल्यावर तो आधी स्वतःच भरून घेतो, आजूबाजूचा नत्र धरून ठेवतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळं पडू शकतं. यंदाच्या पिकावर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे अशा घरात हा धक्का म्हणजे बायोचारचा कायमचा शेवट. त्यामुळे कोळसा भरूनच रानात न्यायचा. साधारण धान्याच्या दाण्याएवढा चुरायचा, चुरताना ओला ठेवायचा कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना वाईट, आणि मग गोमूत्रात, शेणकाल्यात किंवा कंपोस्टच्या ढिगात काही आठवडे मुरवायचा. त्याहून सोपी वाट म्हणजे गोठ्यातून. गुरांच्या पायाखाली कोळशाचा चुरा पसरला की मूत्र तो शोषून घेतो, वास कमी होतो, अमोनिया होऊन उडून जाणारा नत्र त्यात अडकतो, आणि रोज झाडलोट करून उकिरड्यावर जाताना तो आपोआप भरलेला असतो. वेगळं काम जवळजवळ काहीच नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या परसाशी या गोठ्याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

रासायनिक खताचे भाव २०२१-२२ मध्ये जगभर कडाडले तेव्हा अनेक देशांतल्या लहान शेतकऱ्यांनी खताची मात्रा कापली. अशा वर्षी घरचा नत्र उडून जाऊ न देण्याची किंमत कळते. बायोचार खताची जागा घेत नाही, त्यात नत्र नगण्य असतो. पण घातलेलं खत वाहून जाण्यापासून काही अंशी तो राखतो आणि आम्लधर्मी जमिनीला चुना विकत घेण्याचा काही खर्चही वाचवतो. कमाईतली वाढ अनेकदा अशी खर्चाच्या बाजूने येते आणि उत्पादनाच्या आकड्यांत ती दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला कष्ट आहेत. काडीकचरा गोळा करणं, वाळवणं, खड्डा पेटवून अर्धा दिवस त्याच्यापुढे उभं राहणं, विझवायला कित्येक घागरी पाणी वाहणं, चुरणं, मुरवणं, पुन्हा रानात नेणं. यांतलं वाहण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायकांकडे येतं. पीक निघाल्यानंतरचा कोरडा काळ कोळसा करायला सर्वांत योग्य आणि नेमका तोच पाणी दूर गेल्याचा काळ. योजनांच्या कागदांवर हे पाणी कुठून येणार ते क्वचितच लिहिलेलं असतं. पाणी नसेल तर माती टाकून खड्डा हवाबंद करता येतो; विझायला वेळ लागतो आणि हवा शिरली तर थोडी राख होते, पण कुणाच्या डोक्यावर घागर चढत नाही. मी तरी कोरड्या भागात मातीच सुचवेन.

काडीकचऱ्यालाही मालक असतात, कागदावर नसले तरी. काड हे गुरांचं वैरण असतं. खोडं चुलीत जातात. ज्यांना स्वतःची जमीन नाही त्या बायका दुसऱ्याच्या रानातून जळण वेचून आणतात आणि तो त्यांचा रूढ हक्क असतो. उद्या त्या काडीला कोळशाचा भाव आला की पहिलं कुंपण त्यांच्या वाटेत पडेल. त्यामुळे कोळशासाठी तेच घ्यावं जे गुरं खात नाहीत आणि जे आजही उघड्यावर जाळलं जातं किंवा कुजत पडतं: तूस, टरफलं, दाणे काढलेली कणसं, करवंट्या, छाटणीच्या काटक्या, माजलेली रानटी झुडपं. जमिनीवर थोडं आच्छादन राहिलंच पाहिजे, ते वेगळं. धूप थांबवायचं काम कोळसा करत नाही.

चुलीची एक शक्यता मला आशादायक वाटते. वरून पेटवायच्या, काडीतला वायू आधी जाळणाऱ्या चुली निघाल्या आहेत. स्वयंपाक होतो, धूर कमी, आणि तळाशी राखेऐवजी कोळसा उरतो. केनियातल्या खेड्यांत अशा चुलींवर काम झालं आहे. घरातल्या धुराने जगात दरवर्षी सुमारे ३२ लाख माणसं अकाली मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, म्हणजे या चुलीचा पहिला फायदा शेताला नसून रांधणाऱ्या बाईच्या छातीला आहे. अडचण एवढीच की तळाशी उरलेला कोळसा पुन्हा जळण म्हणून वापरता येतो किंवा विकता येतो. संध्याकाळच्या जेवणाला जळण नसताना कुणी तो मातीत पुरणार नाही, आणि पुरावा अशी अपेक्षा करण्याचा कुणाला अधिकारही नाही. सरपण पुरेसं असेल तिथेच ही वाट शेतापर्यंत पोचते.

आता जमिनीचा प्रश्न. याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला तो सगळ्यांत अवघड वाटतो. खंडाने किंवा वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस शंभर वर्षं टिकणारी वस्तू मातीत का घालेल? पुढच्या वर्षी ते रान त्याच्याकडे असेल की नाही याची खात्री नसते. जमीन सुधारली तर खंड वाढण्याची भीती असते, किंवा मालकच ती परत मागेल. खत त्याच हंगामात फेडतं म्हणून तो खत घालतो. कोळसा काढून नेता येत नाही. ज्या घरात जमीन पुरुषाच्या नावावर आणि कष्ट बाईचे, तिथेही वेगळ्या रूपात हेच घडतं: घाम तिचा, वाढलेली किंमत त्याच्या कागदावर. यावर कोणत्याही भट्टीत उपाय नाही. लांब मुदतीचे लेखी करार, सुधारणेच्या खर्चाची भरपाई आणि जमिनीवर बाईचं नाव, हे केल्याशिवाय कोळशाच्या गुणांचं कौतुक अर्धवटच राहणार. तोवर कूळ शेतकऱ्याला मी एवढंच सांगेन की परसातल्या भाजीला आणि रोपवाटिकेच्या वाफ्याला कोळसा घाल, कारण तिथे मात्रा अगदी थोडी लागते आणि फळ महिन्या-दोन महिन्यांत दिसतं. जपानमध्ये तुसाचा कोळसा रोपांसाठी पूर्वापार वापरतात, तो याच कारणाने.

आणि मग कार्बनचा पैसा. एक टन बायोचार मातीत गेला की साधारण दोन ते तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहिला असं मोजतात, आणि त्याचं प्रमाणपत्र मोठ्या कंपन्या, आपण हवेत सोडलेल्या कार्बनची भरपाई म्हणून, कार्बन डायऑक्साइडच्या टनाला शंभर डॉलरांच्या पुढे भाव देऊन घेतात. दीर्घकाळ टिकेल अशा पद्धतीने हवेतला जो कार्बन काढल्याचं आजवर प्रत्यक्ष सिद्ध करून दिलं गेलं, त्यात सर्वांत मोठा वाटा बायोचारचाच आहे. शेतकऱ्यांनी खड्ड्यात केलेल्या कोळशासाठीही आता नियमावल्या आहेत: काडीची आर्द्रता मोजा, प्रत्येक भट्टीचे फोटो फोनवरून पाठवा, कोळशाचा नमुना तपासा, तो मातीत गेल्याचा पुरावा द्या.

हा पैसा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वर्षाला दोन टन कोळसा करणाऱ्या घराचे पाचेक टन कार्बन डायऑक्साइड होतात, शंभर डॉलरांच्या भावाने पाचशे डॉलर. पण ही रक्कम साखळीच्या वरच्या टोकाची आहे. तपासणी, प्रमाणपत्र, फोनवरची यंत्रणा, देखरेख, दलाली हे सगळं त्यातूनच वजा होतं, आणि घरापर्यंत किती पोचतं ते करारावर अवलंबून. करार कुणाच्या भाषेत लिहिला आहे? भाव पडला तर नुकसान कुणाचं? पैसे भट्टी विझली की मिळतात की प्रमाणपत्र विकलं गेल्यावर, म्हणजे कदाचित वर्षाने? भट्टीपुढे उभी राहिलेली बाई असेल तर खातं कुणाच्या नावाचं? मला कुणी अशा योजनेबद्दल विचारलं तर मी हे चार प्रश्न लिहून देते आणि उत्तरं कागदावर मागून घ्यायला सांगते. कार्बनच्या पैशाची आशा दाखवून शेतकऱ्यांकडून प्रयोग करून घ्यायचे आणि मग निधी संपला म्हणून निघून जायचं, हे आफ्रिकेत घडलेलं आहे. ज्यांनी भट्ट्या पेटवल्या त्यांच्या हाती काळे हात आणि गेलेला हंगाम राहतो.

त्यामुळे माझी कसोटी कडक आहे. कार्बनचा एकही पैसा आला नाही असं धरून हिशेब मांडायचा. पिकातली वाढ आणि खतातली बचत एकट्याने त्या दिवसांची मजुरी फेडते का? फेडत असेल तर कार्बनचा पैसा वरचा म्हणून खुशाल घ्यावा. फेडत नसेल तर शेतकऱ्याने हवामानाचं काम अंगावर घेतलं आहे, आणि त्याची पूर्ण मजुरी, आगाऊ, ज्यांनी हवा बिघडवली त्यांनी द्यायला हवी. दोन हेक्टरांच्या आतल्या घराने जगाचं ओझं फुकटात उचलावं ही अपेक्षा मला सहन होत नाही.

आणि हा हिशेब दुसऱ्या कुणाच्या सरासरीवरून मांडू नये. २५ टक्के ही हजारो वाफ्यांची सरासरी आहे, तिच्या आत दुपटीही आहेत आणि घटीही आहेत. स्वतःच्या रानात चार ओळी घ्याव्यात, दोन कोळशाच्या आणि दोन त्याविना. बी तेच, खत तेवढंच, पाणी सारखंच. कोळशावर किती दिवस गेले ते भिंतीवर खडूने लिहून ठेवावं. पीक निघालं की दोन्हींचं वजन वेगळं करावं, आणि ते घरच्या माणसांनीच करावं, योजनेच्या माणसाने नव्हे. पुढच्या वर्षी त्या ओळींत नवा कोळसा घालायचा नाही, तरी वजन पुन्हा करायचं, आणि तिसऱ्या वर्षीही. कोळशाचे कष्ट एकदाच लागतात आणि तो पुढची कित्येक वर्षं काम करतो असं आम्ही सांगतो. ते त्या रानात खरं आहे का, हे तिसऱ्या वर्षीच्या वजनावरून त्या घराला कळेल, आणि दुसरा खड्डा खणायचा की नाही ते मग त्यांनी ठरवावं.